थांबलेल्या कामाकडे परतताना

माझं घर घोडपदेवला. तिथून भायखळा स्टेशनला चालत जायचा माझा एक ठरलेला रस्ता आहे. २०२२ च्या जूनपासून पुढचे सात-आठ महिने मात्र मी तो रस्ता सोडून दिला होता. चांगला मोठा वळसा घालून मी स्टेशन गाठत असे. रस्त्यात खोदकाम नव्हतं की पाणी तुंबलेलं नव्हतं. त्या रस्त्यावर एक शाळा आहे, एवढंच कारण. शाळेच्या तळमजल्यावर दर शनिवारी दुपारी आमच्या भागातलं एक छोटं मंडळ मुलांचा वाचनवर्ग चालवतं. पाचवी-सहावीत जाऊनही ज्यांना धड वाचता येत नाही, अशी मुलं तिथे येतात. त्या वर्गात मी सहा वर्षं शिकवलं होतं आणि मग जायची थांबले होते.

थांबण्याचं कारण खरं होतं. २०१८ मध्ये यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून ‘दोन-तीन आठवडे जमणार नाही’ असं कळवलं. त्या दोन-तीन आठवड्यांचं दीड वर्ष झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले. चार महिन्यांनी कोविडमुळे शाळा बंद झाल्या, वर्गही बंद झाला. खरं सांगायचं तर एका बाबतीत मला सुटल्यासारखं वाटलं. जायचं की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. जून २०२२ मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाला आणि माझी सबब संपली. माझा वळसा सुरू झाला तो त्याच महिन्यात!

आता गंमत पाहा. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. माणूस टाळाटाळ का करतो, लाज म्हणजे काय, सवय कशी लागते, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण आपणच रोज वळसा का घालतोय, हा प्रश्न स्वतःला विचारायला मला अर्धं वर्ष लागलं. त्या प्रश्नाचं जे उत्तर हाती लागलं, ते आज आपल्याला सांगायचं आहे. कारण अशी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. कुणी रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकांना फॉर्म भरून द्यायचे, कुणी अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहायचे, कुणी मंडळाचं वाचनालय सांभाळायचे. मुलाची दहावी, घरातलं आजारपण, बदली, एखादं भांडण, असं काहीतरी झालं आणि काम सुटलं. कारण पुढे संपलं, पण माणूस काही परत गेला नाही.

आपण अशा माणसाविषयी चटकन म्हणतो, ‘उत्साह संपला’. त्या माणसालाही तसंच वाटायला लागतं. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा उत्साह संपलेला नसतो. आड आलेली असते ती लाज. आणि परत जायचं म्हणजे पूर्वीइतकंच, पूर्वीसारखंच काम करायचं, ही एक चुकीची समजूत.

पण त्याआधी एक प्रश्न. आपण थांबलो कशामुळे? थकून थांबलो की दुःखामुळे, हे आधी नीट ओळखायला हवं.

थकून थांबणाऱ्यांविषयीचा एक शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, ‘बर्नआउट’. ऑफिसात काम करणारी तरुण मुलं तो वापरतात. पण मानसशास्त्रात हा शब्द रूढ झाला तो स्वयंसेवकांमुळे, हे फार थोड्यांना माहीत असतं. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर दिवसभर आपलं खासगी काम करत आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबत. तिथे काम करणारे बरेच जण त्यांच्यासारखेच विनामोबदला येणारे होते. सुरुवातीला झपाटल्यासारखी काम करणारी ही माणसं काही महिन्यांनी चिडचिडी होत, ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यावरच वैतागत, असं त्यांनी पाहिलं. स्वतः फ्रॉयडेनबर्गरही यातून सुटले नाहीत. कुटुंबाबरोबर सुट्टीवर निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. मग त्यांनी टेपरेकॉर्डरवर आपलं मन मोकळं केलं आणि एखाद्या पेशंटचं ऐकावं तसं स्वतःचं बोलणं ऐकलं. १९७४ मध्ये त्यांनी या थकव्यावर लेख लिहिला. त्यातलं मर्म असं, की जळून जातात ती जास्त तळमळीची माणसं. ज्याने कधी स्वतःला कामात झोकूनच दिलं नाही, तो कशाला जळेल? तेव्हा आपण थकून थांबलो असू, तर तो काही आपल्या नियतीवरचा डाग नाही. मात्र ज्या पद्धतीने काम करून थकलो, त्याच पद्धतीकडे परतलो तर पुन्हा तेच होणार.

दुःखामुळे थांबलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यासाठी मी आपल्याच शहरातलं एक उदाहरण देते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जानेवारी १९०१ मध्ये मुंबईत निवर्तले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आतल्या होत्या. त्याआधी मुंबईत त्यांनी स्त्रियांना एकत्र आणणारं बरंच काम केलं होतं, हिंदू लेडीज सोशल क्लबची स्थापनाही केली होती. पतीच्या निधनानंतर त्या पुण्याच्या जुन्या घरी गेल्या आणि सुमारे वर्षभर सार्वजनिक जीवनापासून पूर्ण दूर राहिल्या. त्या काळच्या विधवेकडून समाजाची अपेक्षा तर याहूनही कडक होती. पण रमाबाई परत आल्या. आणि आल्या त्या कुठे? एखाद्या नव्या, भव्य संस्थेत नव्हे. स्त्रियांच्या ज्या आर्य महिला समाजाशी त्यांचा जुना संबंध होता, त्याच्या मुंबईतल्या कामात त्यांनी पुन्हा लक्ष घातलं. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवा सदन सुरू केलं, तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवा सदन उभं राहिलं. तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायलाही त्या जात.

त्या वर्षभरात त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्या घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी माघार, मग ओळखीच्या माणसांतलं लहान काम आणि सात-आठ वर्षांनी ज्या कामासाठी आज आपण त्यांना ओळखतो ते मोठं काम. आपण इतिहास वाचतो तेव्हा १९०१ नंतर एकदम १९०८ वर उडी मारतो. मधल्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत. आणि मग आपल्याला वाटतं, परतायचं तर एकदम मोठं काहीतरी करूनच परतायला हवं.

दुःखाच्या अभ्यासकांचंही मत हेच सांगतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली. पूर्वी असं मानत, की दुःख टप्प्याटप्प्याने संपतं आणि मग माणूस पुन्हा कामाला लागतो. या दोघांचं म्हणणं असं, की माणूस झोपाळ्यासारखा हेलकावे घेत असतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, तर कधी नव्या आयुष्याच्या खटपटीत. दोन्ही गोष्टी आलटून पालटून चालतात आणि तेच निरोगीपणाचं लक्षण. म्हणजे ‘आधी पूर्ण सावरते, मग जाईन’ हे माझं गणितच चुकीचं होतं. पूर्ण सावरण्याचा असा काही मुहूर्त पंचांगात नसतो.

आता लाजेकडे येऊ. मराठीत आपण ‘मला अपराधी वाटतं’ आणि ‘मला लाज वाटते’ ही दोन वाक्यं सहज एकमेकांच्या जागी वापरतो. मानसशास्त्र त्यांत फरक करतं. अपराधी वाटणं हे कृतीविषयी असतं. ‘मी न कळवता थांबले, हे बरोबर केलं नाही.’ लाज स्वतःविषयी असते. ‘मी अर्ध्यावर सोडून जाणारी बाई आहे.’ जून टँगनी या संशोधिकेने या फरकावर बरीच वर्षं काम केलं. अपराधीपणा माणसाला बहुधा माफी मागायला, दुरुस्ती करायला लावतो. लाज त्याला लपायला लावते. माझा वळसा ही शुद्ध लाज होती. शिवाय ती दिवसेंदिवस वाढत होती. आज गेले नाही म्हणून उद्या जायला जास्त अवघड, उद्या गेले नाही म्हणून परवा त्याहून अवघड. वाण्याच्या थकलेल्या उधारीसारखं होतं हे. रक्कम वाढत जाते, तसे आपण त्या दुकानावरून जाणंच सोडून देतो.

लाजेचा जीव असतो एका कल्पनेवर. ‘सगळे माझ्याविषयी काय म्हणत असतील?’ या कल्पनेची एक मजेदार परीक्षा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयाच्या मुलांना हा शर्ट घालायची शरम वाटेल, असाच तो गायक निवडला होता. मग त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं नंतर विचारल्यावर त्यांनी सुमारे निम्म्या मुलांच्या, असं उत्तर दिलं. प्रत्यक्षात सुमारे पाव मुलांच्याच लक्षात आलं होतं. आपल्यावर प्रकाशझोत आहे असं आपल्याला वाटतं. पण लोक आपापल्या शर्टाच्या चिंतेत असतात.

माझं काय झालं ते सांगते. जानेवारी २०२३ मधली गोष्ट. एका सकाळी राणीच्या बागेत फिरायला गेले होते. तिथे मंडळाचे सेक्रेटरी समोरून आले. बागेत काही वळसा घालता आला नाही. मी एका दमात माफीचं लांबलचक भाषण सुरू केलं. ते मध्येच म्हणाले, “वहिनी, तुमचं घरचं एवढं झालं, आम्हालाच वाटत होतं की फोन करायला हवा होता. मग इतके दिवस गेले, की करायला लाज वाटायला लागली.” म्हणजे ते मला चुकवत होते आणि मी त्यांना! पुढे २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेलं पेगी लियू आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन माझ्या वाचनात आलं. बऱ्याच दिवसांनी कुणाची नुसती विचारपूस केली, तर समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक बरं वाटतं, असं त्यात आढळलं होतं. मी आणि सेक्रेटरी, दोघांनीही ते आधी वाचायला हवं होतं.

पण लाज ओसरली म्हणून काम जमतंच असं नाही. मी ज्या वर्गात परत जाणार होते, तो माझा वर्ग राहिलाच नव्हता. एक तरुण मुलगी आता तो घेत होती आणि चांगला घेत होती. मी पाठ्यपुस्तक घेऊन बसवायची, तर ती मुलांकडून दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचून घेत होती. पहिल्या शनिवारी मी मागच्या बाकावर बसून पाहिलं आणि मनात एक बोचरा विचार आला. माझ्यावाचून इथे काहीच अडलं नाही. खोटं कशाला बोलू, तो विचार लाजेपेक्षाही जास्त लागला.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो. आपण हे काम करतो ते कशासाठी? गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेची सहा कारणं मांडली. आपली मूल्यं जगता यावीत म्हणून. काही नवं शिकायला, समजायला मिळावं म्हणून. माणसांची सोबत मिळावी म्हणून. नोकरी-व्यवसायात उपयोग व्हावा म्हणून. स्वतःच्या दुःखाचा भार हलका व्हावा म्हणून. आणि आपण उपयोगी आहोत ही भावना मिळावी म्हणून. यातलं एकही कारण हलकं नाही. एका माणसात दोन-तीन कारणं एकत्र नांदतात. महत्त्वाचं हे, की वयाप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे ती बदलतात. सहा वर्षांपूर्वी मला शिकवायची हौस होती आणि ‘बाई, बाई’ म्हणून मुलांनी भोवती जमावं, हेही मला हवं होतं. यजमान गेल्यावर मला हवी होती ती सोबत, शनिवारची दुपार भरणारी. शिकवणं दुसऱ्या कुणी केलं तरी मला चालणार होतं. हे स्वतःशी कबूल केल्यावर तो बोचरा विचार बोथट झाला. मी त्या मुलीला म्हटलं, “वर्ग तूच घे. जी तीन-चार मुलं सगळ्यांत मागे आहेत, त्यांच्याशेजारी मी बसते.” ती म्हणाली, “काकू, मला तेच जमत नव्हतं. एकाकडे बघायला जावं, तर बाकीचे पंचवीस उधळतात.”

किती वेळ द्यायचा, हेही मी आधीच ठरवलं. महिन्यातले दोन शनिवार, एक-एक तास. पूर्वी मी दर शनिवारी तीन तास जायची, शिवाय सहलीचा हिशेबही ठेवायची. ‘एवढंसं कशाला करायचं?’ असं मन म्हणतंच. पण आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला हे जमतं’ हा विश्वास येण्याचा सगळ्यांत भक्कम मार्ग म्हणजे प्रत्यक्ष जमल्याचा अनुभव. तो लहान असला तरी चालतो. तीन तासांचं ठरवून दुसऱ्या आठवड्यात गळपटण्यापेक्षा एका तासाचं ठरवून सहा महिने टिकणं चांगलं.

आणि एक साधी युक्ती. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की ‘मी हे करीन’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा कधी आणि कुठे करीन हे ठरवलं, तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक लेख लिहायचा होता. कधी, कुठे बसून लिहिणार हे आधी लिहून दिलेल्यांत तो पूर्ण करणारे, इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. यालाच ‘जर-तर’चा संकल्प म्हणतात. मी कॅलेंडरवर लिहिलं, ‘दुपारचा चहा झाला, की कप विसळायच्या आधी चपला घालायच्या.’ हसू येईल, पण दुसऱ्या वेळी मला अजिबात जायचं नव्हतं. पहिल्या दिवशी एका मुलाने माझ्याशेजारी बसायला साफ नकार दिला होता. चहा झाला, कप तसाच राहिला आणि पायांनी चपला घातल्या. इच्छा नंतर आली, साधारण शाळेच्या फाटकापाशी.

आता थोडं संस्था आणि मंडळं चालवणाऱ्यांसाठी. सुटलेल्या स्वयंसेवकाला फोन करा. तो करताना ‘कधीपासून येताय?’ असं विचारू नका, आधी ‘कसे आहात?’ विचारा. परत आलेल्याला पहिल्याच दिवशी किल्ल्या आणि हिशेबाची वही देऊ नका. नेमकं, लहान, वेळेला संपणारं काम द्या. ‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो टोचतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणूस आपणहून काम करत राहतो, त्याला तीन गोष्टींची जोड लागते. काय करायचं ते निवडण्याची मोकळीक, आपल्याला ते जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. पगार नसलेल्या कामात तर या तीन गोष्टी हाच पगार.

आणि कुणी परत आलंच नाही, तरी त्याच्यावर शिक्का मारू नये. काही कामांची वेळ संपलेली असते. विचार करून ‘आता हे माझ्याच्याने होणार नाही’ असं ठरवणं आणि तसं मोकळेपणाने कळवणं, हीही एक नीट केलेली गोष्ट आहे. वाईट असतं ते मधलं लटकणं, ना जाणं ना नाही म्हणणं. त्यात संस्था ताटकळते आणि आपण वळसे घालत राहतो.

नकार देणारा तो मुलगा पुढे तीन शनिवारांनी माझ्याशेजारी येऊन बसला. मी विचारलं, “आज कसा आलास?” तर म्हणाला, “तुम्ही परत येता की नाही ते बघत होतो.” त्याच्या वर्गातून ताई-दादा बरेच येऊन गेले होते. एक-दोनदा यायचे, फोटो काढायचे, दिसेनासे व्हायचे. मग त्याने माझी परीक्षा घेतली, यात त्याचं काय चुकलं? मी त्याला ‘आता रोज येईन’ असं काही म्हटलं नाही. कॅलेंडरवरच्या पुढच्या दोन शनिवारांच्या तारखा त्याच्या वहीत लिहून दिल्या. त्याने त्या मोठ्याने वाचल्या. दुसरी तारीख वाचताना जरा अडखळला, पण वाचली.

आपणही असं एखादं काम मध्येच सोडलं असेल, तर आज संध्याकाळी एक फोन करा. माफीचं भाषण तयार करू नका. किती वेळ देता येईल तेवढं सांगा आणि एक तारीख ठरवा.